प्राप्तिस्थान : सिन्नर

वस्तुसंग्रहालयातल्या वस्तूखाली जी लहानशी पट्टी लावलेली असते, तिच्यावर बहुधा चार तपशील असतात : वस्तूचे नाव, तिचा काळ, ती ज्यापासून घडली तो पदार्थ आणि ती जेथे मिळाली त्या गावाचे नाव. घाईत असलेला प्रेक्षक पहिले दोन तपशील वाचून पुढच्या कपाटाकडे वळतो आणि चौथा तपशील त्याच्या नजरेतून सुटतो. निवांतपणे फिरणाऱ्याचे मात्र कधीतरी त्या गावाच्या नावाकडे लक्ष जाते आणि आपल्या नित्याच्या वाटेवरचे गाव परराज्यातल्या, प्रसंगी परदेशातल्या कपाटात कसे पोहोचले, हा प्रश्न त्याला पडतो. पुरातत्त्वाच्या परिभाषेत या चौथ्या तपशिलाला प्राप्तिस्थान म्हणतात. वस्तू ज्या जमिनीतून बाहेर आली तिच्याशी जोडणारा तो एकच दुवा असतो आणि तो तुटला की वस्तू शोभिवंत राहते, पण तिची साक्ष अपुरी पडते.

या दृष्टीने अभ्यासावा असा तालुका म्हणजे नाशिक जिल्ह्यातील सिन्नर. नाशिकच्या आग्नेयेस सुमारे ३० किलोमीटरवर, पुण्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत वसलेले हे गाव आज विडी उद्योग, माळेगाव व मुसळगाव येथील औद्योगिक वसाहती आणि गोंदेश्वराचे मंदिर यांसाठी ओळखले जाते. परंतु या तालुक्याच्या भूतकाळाचे तीन महत्त्वाचे पुरावे संग्रहालयांच्या आणि अभिलेखांच्या वाटेने अभ्यासकांसमोर आले : खडकाच्या पोकळीत वाढलेले स्फटिक, जमिनीत पुरलेली चांदीची नाणी आणि राजांनी दिलेले ताम्रपट. तिन्हींचे सिन्नरशी असलेले नाते वेगवेगळ्या प्रकारचे आहे. स्फटिक जेथे सापडतो तेथेच जन्मलेला असतो, नाणे जेथे सापडते तेथे ते दुसरीकडून आलेले असते आणि ताम्रपट तर सापडतो एका गावी व माहिती सांगतो दुसऱ्याच गावाची. हा फरक नीट ओळखला, तर या तीन पुराव्यांतून तालुक्याचा एक सलग इतिहास हाती येतो.

खडकातले स्फटिक

माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत ‘गारगोटी’ नावाचे खनिज संग्रहालय आहे. के. सी. पांडे यांनी दीर्घकाळ जमवलेल्या संग्रहातून ते उभे राहिले असून त्यातील एक दालन दख्खनच्या पठारातील खनिजांना, तर दुसरे जगाच्या इतर भागांतील मौल्यवान व दुर्मीळ नमुन्यांना दिलेले आहे. गारगोटी हे क्वार्ट्झ या वर्गातील खनिजाचे बोलभाषेतले नाव होय; काड्यापेटी येण्यापूर्वी गारगोटीवर पोलादी चकमक घासून उडणाऱ्या ठिणगीवर कापूस पेटवत असत, त्यामुळे हा दगड घरोघरी परिचित होता. संग्रहालयात क्वार्ट्झ आहेच, पण दख्खनच्या दालनाचे खरे वैभव आहे ते झिओलाइट या खनिजसमूहाचे.

झिओलाइट म्हणजे ॲल्युमिनियम, सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या अणूंनी बांधलेली एक सच्छिद्र चौकट असून तिच्या पोकळ मार्गिकांत पाण्याचे रेणू आणि कॅल्शियम किंवा सोडियम यांसारख्या धातूंचे आयन सामावलेले असतात. १७५६ मध्ये स्वीडनमधील खनिजतज्ज्ञ आक्सेल क्रोनस्टेट याने अशा एका खनिजाला तापवले असता त्यातून वाफ निघून ते उकळल्यासारखे फसफसले, आणि या निरीक्षणावरून त्याने या समूहाची ओळख करून दिली. पाणी निघून गेल्यावरही चौकट ढासळत नाही आणि तिच्यातील आयनांची अदलाबदल करता येते, या गुणामुळे पाणी मृदू करण्यापासून खनिज तेलाच्या शुद्धीकरणापर्यंत अनेक प्रक्रियांत आज झिओलाइट वापरले जातात. उद्योगासाठी ते बहुतांशी कृत्रिम रीतीने तयार करण्यात येतात. दख्खनमधील नैसर्गिक नमुन्यांचे मोल त्यांच्या आकारात, रंगात आणि पूर्णतेत आहे.

हे स्फटिक दख्खनमध्येच इतके विपुल का, याचे उत्तर येथील खडकाच्या जन्मकथेत मिळते. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून लाव्हारसाचे लोट पुन्हा पुन्हा बाहेर पडले आणि एकावर एक थिजत गेले. त्यांतून बनलेला बेसाल्ट, म्हणजे मराठी माणसाचा काळा पाषाण, आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश व्यापतो आणि सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरच्या आसपास भरते. सिन्नरच्या नैर्ऋत्येस औंढा आणि पट्टा हे किल्ले ज्या डोंगररांगेवर आहेत, तिच्या उतारावर दिसणारे पायऱ्यांसारखे टप्पे याच थरांचे आहेत. जालन्याच्या स्वारीनंतर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी पट्ट्यावर मुक्काम केला आणि तो गड विश्रामगड म्हणून ओळखला जाऊ लागला; या गडाचे उभे कडेही याच लाव्हाथरांच्या झिजेतून घडले आहेत.

लाव्हारस थंड होत असताना त्यातील वायूचे बुडबुडे वर चढून थराच्या माथ्याजवळ अडकले आणि तेथे पोकळ्या राहिल्या. भूशास्त्रात अशा पोकळ्यांना कुहरे म्हणतात व ती बाळगणाऱ्या खडकाला कुहरी बेसाल्ट. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्याने त्यातील कॅल्शियम, सोडियम, सिलिका विरघळवून या कुहरांत आणले आणि तेथे थरावर थर चढत स्फटिक वाढले. ही वाढ लाव्हारस थिजल्याबरोबर पुरी झाली नाही. काही स्फटिक खडकाच्या जन्मानंतर कोट्यवधी वर्षांनी तयार झाल्याचे कालमापनातून दिसून आले आहे. त्यामुळे एकाच पोकळीत आधी भिंतीलगत अकीक किंवा क्वार्ट्झचे अस्तर, त्यावर ह्यूलँडाइट, मग स्टिल्बाइटच्या मध्यभागी आवळलेल्या पेंढ्यांसारख्या गुलाबीसर जुड्या आणि सर्वांत शेवटी ॲपोफिलाइटचे टोकदार, पारदर्शक स्फटिक असा क्रम आढळू शकतो. ॲपोफिलाइट हे खरे तर झिओलाइट नव्हे, पण त्याच पाण्यातून व त्याच पोकळीत वाढत असल्याने ते त्यांच्या सोबतीने येते. कपाटासमोर थोडा वेळ थांबून कोणता स्फटिक कोणावर बसला आहे हे पाहिले, तर एका नमुन्यातही घटनांचा क्रम लावता येतो.

या खनिजांचा शोध बहुतेक वेळा दुसऱ्याच कामाच्या ओघात लागला आहे. एकोणिसाव्या शतकात बोरघाटातून लोहमार्ग नेण्यासाठी १८५६ ते १८६३ या काळात डोंगर फोडण्यात आला, तेव्हा कातळाच्या पोटातील स्फटिक मोठ्या प्रमाणावर उघडे पडले आणि त्यांतील कित्येक युरोपातील संग्रहांत गेले. नंतरच्या काळात रस्त्यांसाठी खडी काढणाऱ्या खाणी आणि शेतातील विहिरी ही दोन मुख्य ठिकाणे ठरली. सिन्नर तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत, म्हणजे सह्याद्रीने पावसाळी वारे अडवल्यामुळे कमी पाऊस पडणाऱ्या पट्ट्यात येतो आणि तेथील शेती विहिरीवाचून उभी राहत नाही. विहीर खोदणाऱ्यांना माती, मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली घट्ट काळा पाषाण हा क्रम अनुभवाने ठाऊक असतो. अखंड कातळात पाणी फारसे साठत नाही. ते मिळते भेगाळलेल्या, झिजलेल्या आणि सच्छिद्र थरांत. लाव्हाथरांच्या माथ्याजवळचे असे थर हेच कुहरांचेही ठिकाण असल्याने पाण्याच्या शोधात सुरुंगाचे बार उडवले जातात आणि यारीने वर येणाऱ्या दगडांत स्फटिक चमकतात. दुष्काळाने ज्यांना खोल जायला भाग पाडले, त्या शेतकऱ्यांच्या आणि पहार, घण व छिन्नी चालवणाऱ्या कामगारांच्या कष्टांतून दख्खनच्या खनिजविज्ञानाची बरीचशी सामग्री जमली आहे, ही गोष्ट संग्रहालयातील प्रकाशझोतांखाली सहज विसरली जाते.

प्राप्तिस्थानाचे महत्त्व खनिजांच्या बाबतीत फार उशिरा ओळखले गेले. युरोपातील जुन्या संग्रहांत दख्खनच्या नमुन्यांवर नुसते ‘पुणे’ असे लिहिलेले आढळते, मग ते शेकडो किलोमीटर दूरचे का असेनात. व्यापारात हात बदलताना खाणीचे नाव गळते किंवा मुद्दाम झाकले जाते. बेर्टहोल्ड ओटेन्स या जर्मन अभ्यासकाने २००३ मध्ये दख्खनच्या खनिजांवर केलेल्या विस्तृत लेखनात खाणी, विहिरी आणि गावे यांची काळजीपूर्वक नोंद केली, तेव्हा या नमुन्यांना पुन्हा त्यांचा भूगोल मिळाला. पुण्याजवळच्या वाघोलीचे निळे कॅव्हान्साइट किंवा नाशिकहून येताना सिन्नरच्या अलीकडे लागणाऱ्या मोहदरी परिसरातील पिवळ्या फ्लुओराइटचे गोलक जगभरच्या संग्राहकांना गावाच्या नावासकट माहीत आहेत. फ्लुओराइट हे कॅल्शियम व फ्लोरीन यांचे संयुग असून ते बेसाल्टच्या पोकळीत क्वचितच सापडते. म्हणूनच मोहदरी हे नाव पट्टीवर असणे शास्त्रीयदृष्ट्या मोलाचे ठरते, कारण त्या जागी झिरपलेले पाणी इतर ठिकाणांहून वेगळे होते याचा तो पुरावा आहे.

जोगलटेंभीची नाणी

सिन्नर तालुक्याच्या उत्तर सीमेजवळ गोदावरी आणि दारणा यांच्या संगमावर जोगलटेंभी नावाचे लहान गाव आहे. १९०६ मध्ये तेथे चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. जमिनीत हेतुपूर्वक पुरून ठेवलेल्या अशा संचयाला नाणेशास्त्रात निधी किंवा ठेवा म्हणतात, आणि प्राचीन भारताच्या इतिहासात जे थोडे ठेवे निर्णायक ठरले त्यांत जोगलटेंभीची गणना होते. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या नाण्यांची तपासणी करून आपला निष्कर्ष रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात १९०८ मध्ये मांडला. त्यांच्या हाती आलेल्या नाण्यांची संख्या १३,२५० च्या घरात होती. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ई. जे. रॅप्सन यांच्या ब्रिटिश म्युझियमच्या नाणेसूचीनेही या ठेव्याची दखल घेतली.

ही सर्व नाणी मूळची नहपान या क्षहरात वंशातील क्षत्रपाची होती. क्षत्रप हे शक राज्यकर्त्यांनी धारण केलेले, इराणी परंपरेतून आलेले अधिकारपद असून नहपानाची सत्ता गुजरात, कोकण आणि नाशिक-जुन्नर या पट्ट्यावर होती. नाणे आकाराने लहान आणि दोन-अडीच ग्रॅम वजनाचे आहे. त्याच्या एका बाजूस राजाचे उजवीकडे पाहणारे मुख व भोवती ग्रीक अक्षरे आहेत, तर दुसऱ्या बाजूस बाण व वज्र ही चिन्हे आणि ब्राह्मी व खरोष्ठी या दोन लिप्यांत राजाचे नाव आहे. एवढ्याशा चकतीवर तीन लिप्या एकत्र याव्यात, यातूनच त्या राज्याचे व्यवहार समुद्रापलीकडील व्यापाऱ्यांपासून वायव्येच्या खिंडींपर्यंत आणि तेथून सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पसरल्याचे सूचित होते. स्कॉट यांच्या नजरेस आणखी एक गोष्ट आली : नाण्यांवरील मुखे एकसारखी नाहीत, कोठे तरुण, कोठे वृद्ध, कोठे नाक सरळ, कोठे बाकदार. नाव एकच असताना चेहरे इतके निरनिराळे का, हा प्रश्न त्यांनी उपस्थित केला आणि तो पुढच्या अभ्यासकांनाही विचार करायला लावणारा ठरला.

या ठेव्याचे खरे वैशिष्ट्य याहून पुढचे आहे. १३,२५० पैकी ९,२७० नाण्यांवर, म्हणजे दर दहांतील सातांवर, गौतमीपुत्र सातकर्णी या सातवाहन राजाने आपला ठसा मारलेला आहे. आधीचे नाणे न वितळवता त्यावर नवा छाप उमटवण्याच्या या पद्धतीला पुनर्मुद्रण म्हणतात. सातवाहन छापात एका बाजूस तीन कमानींचा डोंगर व भोवती गौतमीपुत्राचे नाव, तर दुसऱ्या बाजूस फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळे असलेले, उज्जयिनी चिन्ह म्हणून ओळखले जाणारे आरेखन येते. ठसा मारताना खालचा छाप पूर्णपणे मिटत नाही, त्यामुळे डोंगराच्या कमानीखालून नहपानाचे कपाळ डोकावते किंवा सातकर्णीच्या नावाच्या अक्षरांमधून ग्रीक अक्षरांचे अवशेष वाचता येतात. पराभूत आणि विजेता असे दोन राजे एकाच चकतीवर पाहायला मिळावेत, हे इतिहासाच्या साधनांत क्वचितच घडते.

सातवाहनांची नेहमीची नाणी शिसे, तांबे आणि पोटिन या मिश्रधातूची असत. चांदीचे चलन ही क्षत्रपांची देणगी होती. त्यामुळे हाती आलेली चांदी वितळवून पुन्हा घडवण्यापेक्षा तीवर ठसा मारणे कमी वेळाचे व कमी खर्चाचे होते आणि बाजारात रुळलेले वजन व धातू तसेच ठेवून सत्ता बदलल्याची घोषणाही त्यातून होत होती. नहपान आणि गौतमीपुत्र यांच्या मध्ये दुसऱ्या कोणा राजाचा छाप या नाण्यांवर नाही. यावरून एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात सत्ता थेट गेली, हे अनुमान पक्के झाले. नाशिकजवळच्या त्रिरश्मी डोंगरावर, म्हणजे पांडवलेण्यांत, गौतमीपुत्राची माता गौतमी बलश्री हिचा जो शिलालेख आहे, त्यात आपल्या पुत्राने क्षहरात वंश निःशेष केल्याचे सांगितले आहे. हा लेख नातू पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातला, म्हणजे पुत्राच्या पश्चात मातेने कोरवलेला असल्याने तो केवळ गौरवपर मानण्यास वाव होता. जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्या विधानाला धातूचा पुरावा जोडला.

त्याच डोंगरावरील इतर लेख ही नाणी प्रत्यक्ष व्यवहारात कशी वापरली जात, तेही सांगतात. नहपानाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या निर्वाहासाठी ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळातील चांदीची नाणी, गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून दिली. श्रेणी ही एका व्यवसायातील कारागिरांची संघटना होय. या ठेवीपैकी २,००० कार्षापण एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक आणि १,००० दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने ठेवले. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे आणि मोठ्या रकमेच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी द्यायचे, अशी ती व्यवस्था होती. हिशोब तंतोतंत जुळतो, कारण २,००० वर दरमहा शेकडा एक दराने वर्षाला २४० होतात आणि वीस भिक्षूंना बारा याप्रमाणे लागणारी रक्कमही २४० च आहे. याच लेखात ७०,००० कार्षापणांची किंमत २,००० सुवर्णांइतकी, म्हणजे ३५ चांदीच्या नाण्यांना एक सोन्याचे नाणे, असा विनिमयदरही नोंदवलेला आहे. आज नाशिक शहराला लागून असलेले गोवर्धन आणि सिन्नर तालुक्यातील जोगलटेंभी ही दोन्ही गोदावरीकाठची गावे या चलनाने एका अर्थव्यवस्थेत बांधलेली होती.

गौतमीपुत्राच्या १८ व्या राज्यवर्षातला त्रिरश्मीवरील आदेश या चित्राला पूर्णता देतो. पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तनांचे शेत तेथील भिक्षूंना दिल्याची आज्ञा त्याने विजयी सैन्याच्या छावणीतून दिली. निवर्तन हे जमिनीचे तत्कालीन माप होय. जमीन, दान आणि चलन या तिन्हींवर नव्या सत्तेने आपले नाव घातले, पण दान घेणारा संघ, विणकरांच्या श्रेणी आणि चांदीचे वजन यांना धक्का लावला नाही. राजवटी बदलताना सामान्य व्यवहार कसा टिकवला जातो, याचे इतके स्पष्ट उदाहरण महाराष्ट्राच्या प्राचीन इतिहासात दुसरे सांगणे कठीण आहे. स्फटिकांशीही या डोंगराचे नाते आहे : पांडवलेण्यांच्या डोंगराच्या परिसरातील खाणींतून निघालेले स्टिल्बाइट, ॲपोफिलाइट आणि पॉवेलाइट हे दुर्मीळ खनिज जगातील खनिजसंग्रहांत मानाने ठेवलेले आहेत. शिलालेख आणि स्फटिक एकाच कातळाने जपले.

हा ठेवा सापडला तेव्हा १८७८ चा निखात निधी अधिनियम लागू होता. दहा रुपयांहून अधिक किमतीचा निधी सापडल्यास त्याची वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना देणे त्यानुसार बंधनकारक असून, मालकी कोणी सिद्ध न केल्यास आणि अन्य करार नसल्यास तीन चतुर्थांश वाटा शोधणाऱ्याला व एक चतुर्थांश जमीनमालकाला मिळतो. सरकारला निधी हवा असल्यास धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक रक्कम द्यावी लागते. जोगलटेंभीची नाणी पुढे अनेक संग्रहांत विखुरली, पण ‘जोगलटेंभी ठेवा’ हे नाव त्यांच्यासोबत गेले, म्हणून एखादे सुटे नाणे परदेशी कपाटात असले तरी त्याची साक्ष शाबूत राहिली आहे.

ताम्रपट आणि गोंदेश्वर

तिसरा पुरावा सिन्नरच्या राजकीय वैभवाचा आहे. देवगिरीचे यादव म्हणून जे घराणे प्रसिद्ध झाले, त्याची सुरुवात नाशिक परिसरात झाली. तेराव्या शतकात यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या ग्रंथाच्या व्रतखंडात दिलेल्या राजप्रशस्तीनुसार, म्हणजे राजवंशाच्या स्तुतिपर वृत्तांतानुसार, दृढप्रहार हा या घराण्याचा आरंभीचा पुरुष आणि चंद्रादित्यपूर, म्हणजे बहुधा आजचे चांदवड, हे त्याचे ठाणे. त्याचा पुत्र सेउणचंद्र याच्या नावावरून या प्रदेशाला सेउणदेश म्हणू लागले. ताम्रपटांत सिंदिनगर, सिंदिनेर असा ज्या राजधानीचा उल्लेख येतो, ती म्हणजे सिन्नर, असे अभ्यासक मानतात.

येथे प्राप्तिस्थानाची वेगळीच गुंतागुंत दिसते. राजाने जमीन किंवा गाव दान दिल्याची कायदेशीर नोंद तांब्याच्या पत्र्यावर कोरून दान घेणाऱ्याच्या स्वाधीन केली जाई, त्यामुळे ताम्रपट राजधानीत न राहता दान घेणाऱ्याच्या घरी, त्याच्या गावी टिकला. दुसऱ्या भिल्लमाचा शके ९२२, म्हणजे इ. स. १००० चा ताम्रपट संगमनेरचा. तिसऱ्या भिल्लमाचा शके ९४८ चा अकोले तालुक्यातील कळस बुद्रुकचा. दुसऱ्या सेउणचंद्राचा शके ९९१, म्हणजे इ. स. १०६९ चा वसईचा. पैकी संगमनेरच्या ताम्रपटात विजयाभरणेश्वर या शिवमंदिराला दिलेल्या दानाची नोंद आहे. सिन्नरच्या राजांचा इतिहास अशा रीतीने सिन्नरबाहेर जपला गेला, आणि तो गोळा करताना अभ्यासकांना सापडलेले गाव, दान दिलेले गाव आणि राजधानीचे गाव ही तीन नावे काटेकोरपणे वेगळी ठेवावी लागली. पाचव्या भिल्लमाने बाराव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीच्या चालुक्यांचे वर्चस्व झुगारून देवगिरी ही राजधानी केली, तेव्हा राजकारणाचे केंद्र पूर्वेकडे सरकले आणि सिन्नरला उरले ते त्याच्या मंदिरांचे वैभव.

गोंदेश्वर मंदिर हा सिन्नरचा असा पुरावा आहे की जो जागेवरून कधीच हलला नाही. अकराव्या-बाराव्या शतकांच्या दरम्यान उभारलेले हे शिवमंदिर पंचायतन पद्धतीचे आहे, म्हणजे मध्यभागी मुख्य देवालय आणि एकाच उंच चौथऱ्याच्या चार कोपऱ्यांत सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची चार लहान देवालये, तर समोर नंदीचा स्वतंत्र मंडप आहे. मुख्य शिखर भूमिज शैलीतले आहे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंनी उभे कोरीव पट्टे वर चढतात आणि त्यांच्या मधल्या जागांत लहान शिखरांच्या आडव्या रांगा एकावर एक रचलेल्या असतात. माळव्यात विकसित झालेल्या या शैलीचे, शके ९८२ मधील लेखामुळे नेमका काळ ठरवता येणारे महाराष्ट्रातील उदाहरण म्हणजे अंबरनाथ. सिन्नरमधीलच ऐश्वर्येश्वर हे लहान व भग्न मंदिर त्याच्या कोरीव मकरतोरणासाठी, म्हणजे मगरमुखातून निघणाऱ्या शिल्पित कमानीसाठी, पाहण्याजोगे आहे. हेन्री कझेन्स यांनी १९३१ च्या आपल्या ग्रंथात दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांबरोबर सिन्नरच्या या दोन्ही मंदिरांचा परामर्श घेतला आहे.

चुना न वापरता, कापलेले दगड एकमेकांत बसवून बांधलेल्या मंदिरांना सरसकट हेमाडपंती म्हणण्याचा प्रघात महाराष्ट्रात आहे. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या तेराव्या शतकातील यादव राजांचा मंत्री असल्याने गोंदेश्वर त्याच्या आधीचे ठरते आणि या बांधकामाचे श्रेय त्या आधीच्या कित्येक पिढ्यांच्या अनाम पाथरवटांना द्यावे लागते. लोकस्मृतीने आपल्या परीने वेगळी कथा जपली. १८८३ च्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश सरकारने सिद्ध केलेल्या जिल्हावर्णनात, राव शिंगुणी या गवळी राजाने गाव वसवले व त्याचा पुत्र राव गोविंद याने दोन लाख रुपये खर्चून मंदिर बांधले, अशी परंपरा नोंदवलेली आहे. ताम्रपटांतील राजावलीशी ही नावे थेट जुळत नसली, तरी राजधानी दूर गेल्यानंतर आणि राजवंश विस्मरणात गेल्यानंतरही गावाने मंदिराला राजघराण्याशीच जोडून ठेवले, हे त्या परंपरेतून कळते.

मंदिराचा दगड जवळून पाहिला, तर पुन्हा पहिल्या दालनाशी संबंध जुळतो. मूर्तिकाम व बारीक नक्षी यांसाठी घट्ट, एकजिनसी बेसाल्ट लागतो; पोकळ्या असलेला दगड छिन्नीखाली फुटतो. म्हणून पाथरवट थराचा तळाकडील कातळ निवडत आणि सच्छिद्र माथा टाळत. त्यांनी जो थर बाजूला ठेवला, त्यातच विहीर खोदणाऱ्यांना पाणी मिळाले आणि संग्राहकांना स्फटिक. सिन्नरच्या शिल्पाची, शेतीची आणि खनिजांची वाटणी खडकाच्या एकाच थरात अशी वरखाली झालेली आहे.

नोंदीचे कर्तव्य

या तीन पुराव्यांतून निघणारा निष्कर्ष सिन्नरपुरता मर्यादित नाही. एखाद्या प्रदेशाचा इतिहास बहुधा त्या प्रदेशात एकत्र ठेवलेला नसतो; त्यातील नाणी महानगरांत, ताम्रपट शेजारच्या जिल्ह्यांत आणि स्फटिक जगभरच्या कपाटांत जातात. ही पांगापांग टाळता येण्याजोगी नाही आणि ती सर्वस्वी हानिकारकही नाही, कारण स्कॉट आणि रॅप्सन यांच्यासारख्या अभ्यासकांपर्यंत नाणी पोहोचली म्हणूनच जोगलटेंभीला इतिहासात स्थान मिळाले. हानी होते ती वस्तू गावाच्या नावावाचून बाहेर जाते तेव्हा. विहिरीतून निघालेला स्फटिक गावाच्या नोंदीशिवाय विकला गेला की तो केवळ सजावटीचा दगड होतो आणि शेतात सापडलेली नाणी वर्दी न देता सोनाराच्या मुशीत गेली की दोन हजार वर्षांची साक्ष काही ग्रॅम चांदीच्या भावात संपते.

म्हणून तालुक्यातील शाळा, ग्रामपंचायती आणि वाचनालये यांच्यापुढे एक सोपे पण टिकाऊ काम आहे. गावात विहीर, रस्ता किंवा पाया खोदताना काय निघाले, कोणाच्या शेतात निघाले, किती खोलीवर निघाले आणि पुढे कोठे गेले, याची मराठीत लिहिलेली साधी नोंदवही प्रत्येक गावाला ठेवता येईल. शाळेच्या भिंतीवरील सिन्नर तालुक्याच्या नकाशात मोहदरी, जोगलटेंभी आणि गोंदेश्वर ही ठिकाणे त्यांच्या वस्तूंच्या चित्रांसह दाखवता येतील, आणि जिल्ह्याबाहेरील संग्रहालयांतील सिन्नरच्या वस्तूंची छायाचित्रे तालुक्यात आणून विद्यार्थ्यांना त्यांच्याच परिसराचा परिचय करून देता येईल. ज्यांच्या पहारीने हा इतिहास वर आला, त्या शोधकांची नावे आजवरच्या पट्ट्यांवर क्वचितच आली आहेत. यापुढच्या पट्ट्यांवर गावासोबत तीही यावीत, हा त्यांचा न्याय्य हक्क आहे आणि त्यामुळे इतिहासाचा पुरावाही अधिक भक्कम होईल.